चावी कुठे होती

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणं हा त्याचा धंदा. बाजारामागच्या गल्लीत लांबट दुकान, वर पत्रा, आत फोमचे ढीग, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि पोट फाडून ठेवलेल्या कोचांची रांग. गल्लीत सगळे त्याला कुशनवाले म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. "आमच्या चुका दहा वर्षं हलत नाहीत," असं तो गिऱ्हाइकाला सांगे आणि स्वतःच हसे.

बायको चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायच्या कामाला होती. मुलं दोन. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटी अकराची. मोडक्या खुर्चीची करता तेवढी विचारपूस पोरांची केलीत तर बरं होईल, असं बायको जेवताना म्हणायची. त्यावर सगळे हसायचे, तोही.

घरात एक बंदूक होती. वडिलांची, शिकारीची. वडील गेले तेव्हा परवाना त्याच्या नावावर झाला. विकायला मन धजेना, म्हणून झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती उभी राहिली आणि काडतुसं वरच्या कप्प्यात. नियम त्याला तोंडपाठ होता: बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि चाव्या ज्याच्या नावावर परवाना त्याच्या अंगावर. पण त्याच कपाटात गरम कपडे होते, घराचे कागद होते, धाकटीची औषधं होती. रोज कुणाला ना कुणाला ते उघडावं लागे. म्हणून चावी फ्रिजवरच्या बटणांच्या डब्यात पडलेली असे. आठ वर्षं ती तिथेच होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

थोरला अबोल. दोन वर्षांपूर्वी कुशनवाला त्याला शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत घेऊन गेला आणि डब्यांवर नेम धरायला शिकवलं. पोराचा हात स्थिर होता. परतीच्या वाटेवर तो घरापर्यंत बोलत होता, इतका की बापाला वाटलं, आपल्याला आपला मुलगा गवसला. बंदुकीचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला होता. पुढे ही गोष्ट त्याने कुणापासून लपवली नाही.

मग एका गुरुवारी दुपारी शाळेतून वर्गशिक्षकांचा फोन आला. ते म्हणाले की वर्गातली चार मुलं थोरल्याला छळतात, त्यांचं आम्ही बघतोय, पण त्याने वहीत जे लिहून ठेवलंय ते वाचून मला बरं वाटलेलं नाही. त्याच्याशी बोला, आणि घरात जरा जपून असा. कुशनवाल्याच्या तोंडात तेव्हा चुका होत्या, हातात हातोडी होती, आणि एका नाट्यगृहाच्या नव्वद खुर्च्या महिनाअखेरीला द्यायच्या होत्या. बोलतो, असं सांगून त्याने फोन ठेवला.

तो बोलला नाही.

एकोणीस दिवसांनी थोरल्याने बंदूक दुकानातल्या रेक्झिनमध्ये गुंडाळून शाळेत नेली. सायकली लावायच्या जागेजवळ त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक भिंतीत गेली. दुसरी त्याच्याच वर्गातल्या एका मुलाला लागली. तो मुलगा त्या चौघांपैकी नव्हता. सायकलचं कुलूप लावायला वाकला होता, इतकंच. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्याची आई पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम करत होती, आणि तो तिचा एकुलता एक.

थोरल्याला सुधारगृहात ठेवलं. आठवडाभरात पोलीस बापासाठी आले. मुलाच्या हाती हत्यार लागू देणाऱ्या आईबापालाही शिक्षा व्हावी असा कायदा नुकताच झाला होता, आणि त्या शहरात तो पहिल्यांदाच लागत होता. जामिनावर सुटून तो दुकान उघडायला गेला तेव्हा समोर पाच-सहा माणसं उभी होती. गल्लीतल्या शिंप्याने, ज्याच्याशी त्याचं रोजचं बसणं होतं, तोंड फिरवून घेतलं.

त्याची बाजू वकीलबाई बघत होत्या. त्यांनी सांगितलं की सगळा खटला एका गोष्टीवर उभा आहे: चावी कुठे होती. अंगावर असली तर हत्यार तुमच्या ताब्यात होतं, आणि मुलाने चोरली असेल तर तुमचा गुन्हा राहत नाही. मग त्यांनी थोरल्याचा जबाब वाचून दाखवला. बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्यांच्या पँटच्या खिशातून चावी काढली, असं त्याने पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

वकीलबाईंनी एवढंही सांगितलं की याचा त्रास मुलाला होणार. खिशातून चोरली म्हणजे आधीपासून ठरवलं होतं, असं सरकारी वकील म्हणतील आणि त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवा अशी मागणी करतील. त्या सकाळी धाकटी घरी होती, तिलाही विचारतील. "तिने काय सांगायचं ते मी शिकवणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा."

रविवारी तो थोरल्याला भेटायला गेला. मध्ये टेबल, दाराशी शिपाई. पोराच्या ओठावर बारीक मिशी फुटली होती.

"खोटं का लिहून दिलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"माझं जे व्हायचं ते होणारच आहे," थोरला म्हणाला. "तुम्ही तरी घरी राहा."

त्याने मान वर केली नाही. कुशनवाला बसने घरी आला तो खिडकीकडे तोंड करून.

बायकोने आधीच ठरवलं होतं. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. भाजी चिरता चिरता तिने सगळं मांडलं. त्या बाईचा मुलगा आता परत येणार नाही. आपला सुटणार नाही. मग तुम्हीही आत जाऊन कुणाचं भलं होणार? माझ्या एकटीच्या कमाईवर धाकटीला कशी वाढवू, शाळेत तिच्या शेजारी आताच कुणी बसत नाही. थोरल्याने जे केलं ते तुमच्यासाठी केलं, ते तरी वाया घालवू नका. तिच्या बोलण्यात त्याला खोट सापडेना. तो बरं म्हणाला.

सुनावणीच्या चार दिवस आधी, दुपारी, तो जेवायला घरी आला. आतल्या खोलीतून धाकटीचा आवाज येत होता. ती आरशासमोर उभी होती, हात मागे बांधून, कविता म्हणायला उभी राहते तशी.

"दादाने बाबांच्या खिशातून चावी काढली. मी दारातून बघितलं."

तो दिसल्यावर ती दचकली नाही. उलट खुशीत आली.

"बाबा, खाकी पँट म्हणू का? नुसती पँट म्हटलं तर खरं वाटणार नाही. आणि दादाने मला गप्प राहा अशी खूण केली, हेही सांगते. केली नव्हती, पण सांगते. चालेल ना?"

तो तिथेच पलंगावर बसला. पोरगी हुशार होती. आईने एवढंच वाक्य शिकवलं असणार, पुढचं तिने स्वतः रचलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे शाबासकीसाठी बघत होती. आपल्या मुलाने काय केलं हे त्याला तोवर पुरतं उमगलं नव्हतं; पण आपण या घटकेला काय करतो आहोत ते त्याला स्वच्छ दिसलं. त्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "तुला काही सांगावं लागणार नाही. मी सांगतो."

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती त्याच्याशी पुढे चार दिवस एक शब्द बोलली नाही.

कोर्टात गर्दी होती. पोस्टातली बाई दुसऱ्या बाकावर बसली होती, कामावरचाच गडद सदरा घालून, कारण तिथून ती परत कामावर जाणार होती. कुशनवाल्याने कठड्याला धरून सांगितलं की चावी फ्रिजवर बटणांच्या डब्यात होती, आठ वर्षं होती, आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. मुलाने खिशातून काढली हे खोटं आहे. मला वाचवायला तो तसं म्हणाला. वकीलबाईंनी कागद मिटून ठेवले.

सरकारी वकिलांनी फोनबद्दल विचारलं. वर्गशिक्षकांनी सांगितल्यावर मुलाला काय विचारलंत?

"काहीच नाही."

"वेळ नव्हता?"

खुर्च्यांचं काम होतं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, मग थांबला. "वेळ होता," तो म्हणाला. "विचारलं तर तो खरं सांगेल, याची भीती वाटली."

मधल्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात पोस्टातली बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने हात जोडले. तिने त्या हातांकडे पाहिलं नाही.

"तुम्ही खरं बोललात ते मी ऐकलं," ती म्हणाली. "पण एकोणीस दिवस होते तुमच्याकडे. मला एक दिवस पुरला असता." एवढं बोलून ती पाण्याच्या नळाकडे गेली. तिला ओरडताना, रडताना त्या खटल्यात कुणी पाहिलं नाही.

त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. थोरल्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायची मागणी कोर्टाने फेटाळली. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुधारगृहात राहायचं होतं. बायकोने दुकान एका सायकलवाल्याला भाड्याने दिलं आणि कारखान्यात दुसरी पाळीही घेतली. तुरुंगात ती पहिल्यांदा भेटायला आली ती पाच महिन्यांनी. धाकटीची शाळा बदलली, एवढं सांगितलं, नवे मोजे दिले आणि निघाली. पुढच्या महिन्यात मात्र परत आली.

सुटल्यावर तो दर रविवारी थोरल्याकडे जाऊ लागला. पहिल्या तीन-चार भेटी हवापाण्यावर गेल्या. पाचव्या भेटीला त्याने विचारलं, "ती चार पोरं तुला काय करायची?"

थोरला आता बापाएवढा उंच झाला होता. त्याने आधी खांदे उडवले. मग जेवणाचा डबा कसा फेकायचे ते सांगितलं, मग आणखी एक, मग एकातून दुसरं निघत गेलं. शेवटी तो सायकलपाशी वाकलेल्या मुलापर्यंत आला. त्या मुलाने एकदा त्याला आपली वही उतरवायला दिली होती. कुशनवाला ऐकत राहिला. वेळ संपली हे सांगायला शिपाई आला, तेव्हा त्याने उठून शिपायाकडे आणखी पाच मिनिटं मागितली. शिपायाने घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.