वळणाआधीचा दगड

आमच्या टोळीत मला नेहमी दंताळं मिळायचं. पहारी, टिकाव, घमेली कामाच्या माणसांकडे जायची आणि मग नर्सताई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मास्तर, तुम्ही आपला पाला ओढा." मी कधीच मास्तर नव्हतो. एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका शोधल्या. पण माझा चष्मा आणि पाठीचा बाक बघून कुणीतरी मास्तर म्हणालं आणि ते चिकटलं. ते दुरुस्त करण्याचा धीर मला झाला नाही.

गावामागच्या टेकडीवर सायकलवाल्यांची एक वाट आहे. जाड टायरच्या सायकली लोक घाम गाळत वरपर्यंत नेतात आणि जीव मुठीत धरून झाडांमधून खाली येतात. यात काय गंमत आहे ते मला अजून कळलेलं नाही. मी सकाळी तिथे फिरायला जायचो, एवढाच माझा संबंध. पण वाट झिजते, पावसाने फाटते, आणि ती दर रविवारी सात-आठ माणसं हौसेने दुरुस्त करतात. इस्पितळात नोकरी करणाऱ्या नर्सताई त्यांच्या म्होरक्या. एकदा त्यांनी मला अडवलं. "काका, रोज आमच्या वाटेवर पाय चालवता. एक दिवस हात पण चालवा की." नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. तेव्हापासून दीड वर्ष मी पाला ओढत होतो.

टोळीतले खरे कारागीर म्हणजे मिस्त्री. माझ्याच वयाचे, जन्मभर गवंडीकाम केलेले. सायकल त्यांनाही येत नव्हती. दगड हातात आला की ते फिरवून फिरवून बघायचे. "याला कुठल्या अंगावर झोपायचंय ते आधी विचारायचं," म्हणायचे. मग खड्डा, खड्ड्यात दगड, फटींत दगडाच्या चिपा, वर माती, मातीवर धुमसाचे ठोके. शेवटी स्वतः त्या दगडावर चढून दोन उड्या मारायचे. दगड हलला नाही की आम्ही टाळ्या वाजवायच्या, असा नियमच होता.

"मिस्त्री, टेकडी पडेल पण तुमचा दगड पडायचा नाही," पंक्चर म्हणायचा. पंक्चर म्हणजे सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा चाळिशीतला गडी. त्याची बायकोसुद्धा त्याला पंक्चरच म्हणते.

"तू ज्या वेगाने खाली येतोस ना, ते बघायला तू असशील की नाही कुणास ठाऊक," मिस्त्री म्हणायचे.

वाटेच्या मध्यावर एक डावं वळण आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला एकदम खोल उतार. त्या वळणाच्या वीस पावलं आधी, वाटेच्या अगदी मधोमध, मिस्त्रींनी एक मोठा दगड बसवला होता. वीतभर वर आलेला. त्याला चुकवायचं तर सायकल हळू करावीच लागते, आणि हळू केली की वळण नीट घेता येतं. दगड त्यासाठीच होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल. पाला ओढताना माझं लक्ष पुष्कळदा आदल्या दिवशी वाचलेल्या पानात असतं.

कारण माझं वाचन चालू होतं. टोळीत गेल्यावर मी वाचनालयातून डोंगरवाटांच्या बांधणीवरचं एक पुस्तक आणलं आणि तीनदा वाचलं. त्यातलं मला एवढंच कळलं, की वाटेवर पाणी साचू देऊ नये. त्याबद्दल मी रविवारी दोनदा बोलायला गेलो. दोन्ही वेळा "हो का, मास्तर?" यापलीकडे गाडी गेली नाही.

एका बुधवारी, दोन दिवसांच्या पावसानंतर, मी फिरताना त्या दगडाशी आलो. त्याच्या वरच्या अंगाला पाणी साचलं होतं. चांगलं डबकं. अख्ख्या वाटेवर तेवढंच. मला वाटलं, बाकी मजकूर स्वच्छ आणि मध्येच ही एक चूक, आणि इतक्या माणसांच्या नजरेतून सुटलेली. पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत अवजारं असायची आणि किल्ली कुठे ठेवतात ते सगळ्यांना माहीत होतं. मी पहार आणली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या हातात पहार आली होती.

दगड निघाला. मी तो उतारावरून झुडपांत ढकलून दिला, खड्डा बुजवला, पायांनी तुडवला, आणि बाहेरच्या बाजूला हातभर चर काढला. डबक्यातलं पाणी चरातून वाहायला लागलं तेव्हा मी एकटाच हसलो. कुणाला फोन केला नाही. रविवारी कुणीतरी थांबून "हे कुणी केलं?" असं विचारावं आणि मी "अं, मीच," म्हणावं, अशी माझी इच्छा होती. घरी जाताना तो 'अं' मी दोन-तीनदा म्हणूनही बघितला.

शनिवारी पंक्चर सायकल घेऊन उतरला. ती वाट त्याला पाठ. दगड दिसला की ब्रेक दाबायचा, ही त्याच्या हातांची सवय. दगड दिसला नाही. दिसलं ते एकदम वळण. तो सायकलसकट दहा फूट खाली गेला. खांद्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं. सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाचं उजवं मनगट. दुकान दोन महिने बंद.

रविवारी आम्ही सगळे त्या वळणावर उभे होतो. रात्री पुन्हा पाऊस पडून गेला होता आणि पंक्चरला उचलून नेणाऱ्यांच्या पायांनी सगळा चिखल झाला होता. दगड खाली झुडपांत सापडला.

"पाऊस बघा ना केवढा झाला," नर्सताई म्हणाल्या. "माती ढिली पडली असेल, निसटला."

"म्हणजे या वेळी मिस्त्रींची बैठक चुकली म्हणायची," पोस्टमन म्हणाला. तो टोळीत नवीन होता. चेष्टेतच म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

मिस्त्री दगडाच्या जागी गुडघ्यांवर बसले. चिखलात हात घालून त्यांनी चाचपून बघितलं. "चिपा मारल्या होत्या मी," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मारल्या होत्या ना?" आणि आमच्याकडे बघितलं, जणू आम्हालाच ते आठवायला हवं होतं.

मी चार फुटांवर होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात नर्सताई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तिकडचा पाला ओढा, इथे गर्दी नको." आणि मी गेलो. त्यांनी पाठवलं म्हणून गेलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी एक विचित्र काम काढलं. आपणच बसवलेले दगड ते एकेक करून पहारीने हलवून बघू लागले. एकही हलेना. कपाळावर घाम आला, तरी पुढच्या दगडाकडे जात राहिले. नर्सताई म्हणाल्या, "अहो, सगळे पक्के आहेत. कशाला जिवाला त्रास करून घेताय?"

"हे पक्के आहेत म्हणूनच," मिस्त्री म्हणाले. "हे बसले आणि तो नाही बसला. मला दोन्ही वेळा सारखंच वाटलं होतं. मग आता वाटण्यावर भरवसा काय?"

मी माझ्या थोरल्या बहिणीबरोबर राहतो. ती विधवा आहे, मी लग्नच केलं नाही. दोन खोल्या, त्यातली एक पुस्तकांनी भरलेली. अक्काला मी दुसऱ्या आठवड्यात सगळं सांगितलं, कारण तिने ताट पुढे ढकलून "तुझं कोण मेलंय ते एकदा सांग, म्हणजे मलाही रडता येईल," असं म्हटलं.

ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग जाऊन सांग."

"आता कसं सांगू? दोन आठवडे झाले."

"तिसऱ्या आठवड्यात सोपं होणार आहे का?"

मी पत्र लिहायला घेतलं. चार खर्डे केले. चौथ्यात मी फक्त स्वल्पविराम इकडचे तिकडे केले होते, हे लक्षात आल्यावर सगळे फाडले.

तिसऱ्या रविवारी मिस्त्री आले नाहीत. सोमवारी त्यांचाच फोन आला. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. एक पाटी लिहून द्याल का?"

त्यांची खोली तळमजल्यावर होती. खाट, स्टोव्ह, खिडकीत रेडिओ. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर हत्यारं मांडली होती, धुऊन, पुसून, तेल लावून. दोन थाप्या, ओळंबा, गुण्या, लहान-मोठे हातोडे, छिन्न्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पुठ्ठा दिला, जाड पेन दिलं.

"लिहा. गवंड्याची हत्यारं द्यायची आहेत. गरजूने घेऊन जावीत. पंक्चरच्या दुकानाबाहेर लावू."

"का देताय?" मी विचारलं.

"लेकीने घर बांधलंय. पुढच्या पायऱ्या माझ्यासाठी ठेवल्या होत्या. बाबाच करतील म्हणून दोन महिने फळी टाकून चढताहेत बिचारे." ते हातोड्याचा दांडा पुसत होते, तो आधीच पुसलेला होता. "काल सांगितलं तिला, दुसरा माणूस बघ. तिची पोरं त्यावरून दिवसातून पन्नास वेळा उड्या मारणार. माझा हात गेला, मास्तर. जातो तेव्हा सांगून जात नाही, एवढंच. लिहा तुम्ही."

मी 'गवंड्याची' एवढं लिहिलं. पुढचा शब्द येईना. मी पुठ्ठ्याकडे बघतच म्हणालो, "दगड मी काढला."

"कुठला दगड?"

"वळणाआधीचा. बुधवारी. पहारीने. पाणी साचत होतं म्हणून." आणि मग, कशाला कोण जाणे, "मी पुस्तकात वाचलं होतं."

त्यांनी मला हाकलावं, शिव्या द्याव्यात, तो हातोडा उचलावा, हे सगळं मी गेले तीन आठवडे मनात बघून ठेवलं होतं. ते फक्त माझ्या जवळ येऊन वाकले आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे तो आपणहून नाही निघाला?"

"नाही."

"तुम्ही काढलात. पहारीने." ते माझ्या दंडांकडे बघत होते. "किती वेळ लागला?"

आता माती ओली होती, पहार लांब होती, आणि खरं सांगायचं तर पाऊण तासात तो दगड बाहेर आला होता. बुजवणं, चर काढणं धरून तास. पण मिस्त्रींचा चेहरा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होता, आणि तिथे जे काही दिसत होतं त्याच्यापुढे पाऊण तास म्हणणं मला जमलं नाही.

"तीन तास," मी म्हणालो.

"तीन तास!" मिस्त्री ओरडले. "पहार लावून तीन तास! अहो मास्तर, आधी का नाही बोललात?" आणि ते हसायला लागले. हसता हसता खाटेवर बसले, डोळे पुसले, पुन्हा म्हणाले, "तीन तास." मग एकदम थांबून, "गाढव आहात तुम्ही. त्या पोराचं हाड मोडलं." मी हो म्हणालो. "रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला.

रविवारी त्यांनी मला टोळीच्या मधोमध उभं केलं. मी सांगितलं. पाणी, पुस्तक, पहार, आणि गप्प राहिलो ते. नर्सताईंचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"तीन आठवडे?" त्या म्हणाल्या. "तोंड नव्हतं तुम्हाला?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

पोस्टमन फिस्सकन हसला आणि मग दोघं-तिघं हसले. मिस्त्रींना तेवढीच वाट हवी होती. "ते सांगा, मास्तर, किती वेळ लागला ते!" मी सांगितलं. "ऐकलंत? बैठक चुकली म्हणत होतात तुम्ही!" त्यांनी पोस्टमनच्या पाठीत धपाटा घातला. त्या सकाळी त्यांनी मला ते चार वेळा सांगायला लावलं. प्रत्येक वेळी मी "तीन" म्हणालो आणि प्रत्येक वेळी ते म्हणणं जरा सोपं गेलं. मला त्याचीच भीती वाटली.

पंक्चरही आला होता. हात गळ्यात बांधलेला, काम करता येत नाही म्हणून एका ओंडक्यावर बसून सगळं बघत होता. त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागितली तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती. काम संपल्यावर मी अवजारं गोळा करत होतो, तेव्हा तो जवळ आला.

"मास्तर, एक विचारू? तीन तास खणत होतात तुम्ही?"

"हो."

"मी मघापासून तोच विचार करतोय. झटक्यात झालेलं काम असतं तर म्हटलं असतं, चला, आलं डोक्यात आणि करून बसले. माझ्याही हातून होतं. पण तीन तास म्हणजे माणूस मध्ये दमतो. खाली बसतो, पाणी पितो, चारी बाजूंना बघतो. समोर वळण दिसत होतं तुम्हाला." तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "एवढ्या वेळात एकदाही मनात आलं नाही, की हा दगड इथे कुणीतरी कशासाठी तरी ठेवला असेल?"

दहा पावलांवर मिस्त्री उभे होते. पहिली पायरी उद्याच धरायची, कुठल्या खाणीचा दगड आणायचा, हे ते नर्सताईंना हात पसरून सांगत होते. पाऊण तास, हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते म्हटले असते तर पंक्चरच्या मनातला माझा गुन्हा थोडा हलका झाला असता.

"नाही आलं," मी म्हणालो.

तो डाव्या हाताने गळ्यातली झोळी सरळ करत वाट उतरून गेला. तेव्हापासून तो मला नमस्कार करतो, बोलत नाही.

मिस्त्रींसाठी मी हे अंगावर घेतलं, असं अक्का म्हणते, आणि पहिल्यांदाच माझ्याबद्दल काहीतरी बरं म्हणते. मी तिला तसं म्हणू देतो. पण त्या पाऊण तासातही पंक्चर म्हणाला ते माझ्या मनात आलं नव्हतं. चारपट वेळ मिळाला असता तरी आलं नसतं. मी पूर्ण वेळ, रविवारी कुणी विचारलं तर कसं उत्तर द्यायचं, याचाच विचार करत होतो.