हिवरवाडीचा हापसा

शामुवेल मिस्त्रीनं शेवटचा पाइप वर ओढला, खालच्या टोकाचं सिलिंडर पान्यानं सोडवलं आणि ते मांडीवर घेऊन तो बराच वेळ नुसता बघत बसला. सकाळपासून हंडे-कळश्या मांडून बसलेल्या बायकांची कुजबुज थांबली.

"काय झालं रे मिस्त्री?" साळूबाईनं विचारलं.

त्यानं सिलिंडर उन्हाकडं धरलं. पितळी नळीला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

"फाटलंय. आता हे पाणी उचलायचं न्हाई."

"मंग दुसरं बसव."

"दुसरं न्हाई, बाई. मिशनच्या कारखान्यात एकबी उरलं न्हाई. मुंबईवरून येतील तवा."

"कवा?"

"महिना धरून चाला."

साळूबाई उठून उभी राहिली. त्र्याहत्तर सालचा चैत्र संपत आला होता. मागच्या दोन पावसाळ्यांनी दगा दिलेला. वाडीतल्या दोन्ही विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि पुरुषमाणसं भोकरदनच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. गेल्या साली जालन्याच्या मिशनच्या लोकांनी मशीन आणून वाडीच्या कडेला दीडशे फूट बोअर पाडलं, त्यावर हापसा बसवला. तेव्हापासून दोनशे माणसं आणि उरलीसुरली जनावरं त्या एका हापशावर तगून होती.

"महिनाभरानं कोणासाठी येशील?" ती म्हणाली. "तवर इथं माणूस राहील का? बसवताना लई गोड बोललात. आता मोडला तर तुमच्या मिशनला आमची वाडी दिसत न्हाई."

मिस्त्रीनं फाटलेलं सिलिंडर बाजूला ठेवलं. पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा माणूस. बोलायचा कमी. मिशनची जीप सकाळी त्याला आणि त्याच्या सामानाला उतरवून पुढच्या गावाला गेली होती, संध्याकाळी त्याला न्यायला येणार होती. दुपारी साळूबाईनं त्याला भाकरी दिली होती ती हापशापासून हातभर लांब, दगडावर, पळसाच्या पानात ठेवून. पाणी वरून ओतलं होतं. मिशनचे लोक म्हणजे पूर्वीचे कोण, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीलाही त्यात नवं काही नव्हतं. त्यानं ओंजळ धरली, प्यायला आणि कामाला लागला होता.

आता तो बायकांकडं बघत होता. कडेला साळूबाईची सून शिवकन्या कमरेवर हात देऊन उभी होती. तिचे दिवस भरत आले होते.

"आता पाणी कुठून आणाल?" त्यानं विचारलं.

"चल, दाखवते," साळूबाई म्हणाली. तिच्या मनात होतं, बघू दे याला. सूनही मागून निघाली.

पाव कोसावर पुंजारामच्या मळ्यात एक विहीर होती. गावच्या विहिरी आटल्या तरी तिच्या तळाला, कपारीत, थोडा ओलावा राहत असे. मिस्त्री काठावर पालथा झाला आणि त्यानं आत डोकावलं. पन्नास फूट खाली एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी दगडाला पाठ लावून बसली होती. कपारीतून पाणी पाझरायचं, ती ते वाटीनं टिपून कळशीत ओतायची. पुन्हा पाझरायची वाट बघायची. वर दोन बायका दोर धरून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, एक कळशी भरायला अर्धा तास लागतो, आणि मागच्या आठवड्यात दोर घसरून एकीचा हात मोडला.

"हिलाबी येणं पडंल उद्यापासून दोर धरायला," साळूबाई सुनेकडं बोट करून म्हणाली. "घरात दुसरं कोण हाये? पोरगा खडीवर गेला."

मिस्त्री उठला. त्यानं गुडघ्यांची माती झटकली. मग म्हणाला, "उद्याच्याला येतो."

"येऊन काय करशील? सिलिंडर तर न्हाई म्हणतोस."

"बघतो. माझी पाइप ओढायची तिकटी अन् पाने इथंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपार टळेपर्यंत तो आला नाही. बायकांनी पुन्हा विहिरीची वाट धरली. उन्हं कलताना शिवकन्यानं सासूला हाक मारली. राजूरच्या रस्त्यावरून एक सायकल येत होती. माणूस सायकलवर बसलेला नव्हता, तिला ढकलत चालला होता. मागच्या चाकात हवा नव्हती आणि कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बांधलं होतं.

जालना वाडीपासून अठ्ठावीस किलोमीटर. चाक कुठं बसलं हे मिस्त्रीनं सांगितलं नाही. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यानं गोणपाट सोडलं. आत सिलिंडर होतं. नवं नव्हतं, बाहेरून हिरवट झालेलं होतं, पण अंगाला कुठं चीर नव्हती. आणि आतून ते अजून ओलं होतं.

ओलं का, हे साळूबाईनं त्या वेळी विचारलं नाही. बायकांनी पाइप धरले, मिस्त्रीनं एकेक जोडून खाली सोडले. सूर्य टेकला तेव्हा त्यानं दांडा खालीवर करायला सुरुवात केली. आधी नुसतीच हवा सुसकारली. मग खोल कुठंतरी गुरगुर झाली आणि पाण्याचा लोट सिमेंटच्या ओट्यावर आदळला. बायकांनी हापशाला हळदकुंकू लावलं, कुणी नारळ नाही म्हणून गुळाचा खडा ठेवला. मिस्त्री बाजूला उभा राहून हात पुसत होता.

"महिना म्हणत होतास नं?" साळूबाई म्हणाली.

"भेटलं एक."

"कुठं?"

"भेटलं," तो म्हणाला, आणि पाने पिशवीत भरू लागला.

दोन आठवड्यांनी शिवकन्या बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीनं पाणी मागितलं तेव्हा घरात तीन हंडे भरलेले होते. त्या तीन हंड्यांकडं साळूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. बाराव्या दिवशी तिनं घुगऱ्या शिजवल्या, मूठभर ज्वारी आणि थोडे हरभरे, दुष्काळात तेवढेच. वाडीत वाटून झाल्यावर एक पुरचुंडी तिनं बाजूला काढली.

"ही कोणाची?" शिवकन्यानं विचारलं.

"मिस्त्रीची. जालन्याला जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी ती राजूरपर्यंत चालत गेली आणि एसटीनं जालन्याला उतरली. विचारत विचारत मिशनच्या आवारात पोचली. चर्चच्या मागं कौलारू खोल्यांची एक लांब चाळ होती. अठरा बिऱ्हाडं. पुढं मोठं अंगण, कडुनिंबाचं झाड. झाडाखाली एक म्हातारी बाजेवर बसली होती.

"शामुवेल मिस्त्रीचं घर कोणतं?"

"शेवटून तिसरं. पण तो घरी न्हाई. बायको पाण्याला गेली. बस."

साळूबाई जमिनीवर बसली. समोर अंगणाच्या मधोमध सिमेंटचा ओटा होता, त्यांच्या वाडीत होता तस्साच. ओट्यातून बोअरची उघडी नळी वर आली होती. तिच्यावर फळी टाकून दगड ठेवला होता. ओट्यावरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. भिंतीला लावून पाइप रचले होते, आणि हापशाचं डोकं, दांड्यासकट, चर्चच्या ओसरीत ठेवलेलं दिसत होतं.

"हापसा मोडला काय हो तुमचा?"

"मोडला न्हाई," म्हातारी म्हणाली. तिचं नाव रूथ. चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात दाई होती. "आतलं सिलिंडर काढून दिलं."

"कोणाला?"

"राजूरकडं कुठली तरी वाडी हाये. हिवरवाडी का काय. तिथलं फाटलं होतं. मिस्त्री गेल्ता तिकडं. घरी आला तो जेवलाच न्हाई. सांजच्या प्रार्थनेला सगळे जमले, तर उभा राह्यला अन् म्हणला, एक मागणं हाये. म्हणला, तिथं एक पोरगी विहिरीत बसून वाटीनं पाणी टिपून राह्यली, अन् दिवस भरलेल्या बाईला उद्यापासून दोर धरायचाय. आपल्याला शहर हाये, लांब का होईना नळ हाये. त्यांना बिलकुल काही न्हाई."

साळूबाईच्या हातातली पुरचुंडी मांडीवर टेकली.

"मी भांडले," म्हातारी म्हणाली. "खोटं कशाला सांगू. म्हणलं, अठरा घरं हायेत इथं. माझे गुडघे गेलेत. अन् ते लोक कोण? माझा बाप राजूरकडचाच. त्याला ज्यांनी कधी विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू दिला न्हाई, ते. त्यांच्यासाठी मी तान्हेली मरू?"

"मंग?"

"मिस्त्री म्हणला, आजी, तू म्हणते ते खरं हाये. मलाबी आज वरूनच पाणी ओतलं. पण तान त्यांना आपल्यासारखीच लागते. आता याला काय बोलायचं? तरी मी म्हणलं, माझं पाणी कोण आणील? तर त्याची बायको उठली, मार्था. म्हणली, मी आणीन. मंग कोणी बोललं न्हाई. पाद्री गप उठले अन् पाने आणायला गेले. फटफटायला सगळ्यांनी मिळून पाइप उपसले. मीबी दोर धरला. भांडण वेगळं, काम वेगळं."

झाडावर कावळा चोच उघडी टाकून बसला होता. अंगणात ऊन नुसतं पसरलेलं. साळूबाईला ते ओलं सिलिंडर दिसत होतं. त्याच्यातलं पाणी इथलं होतं.

"तू कुठली, बाई?" म्हातारीनं विचारलं.

खोटं सांगावं असं साळूबाईला क्षणभर वाटलं.

"हिवरवाडीची," ती म्हणाली.

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. साळूबाईनं मान खाली घातली आणि जे काही येईल ते ऐकायची तयारी केली.

"पाणी लागतंय का बराबर?" म्हातारीनं विचारलं.

"लागतंय."

"खारं न्हाई नं?"

"न्हाई. गोड हाये."

"अन् ती दिवस भरलेली?"

"माझी सून हाये ती. पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली, आणि चाळीकडं तोंड करून तिनं आवाज चढवला. "अगं, ती हिवरवाडीची बाई बाळंत झाली. पोरगी हाये."

दारादारांतून बायका बाहेर आल्या. एकीनं वजन विचारलं, एकीनं दूध येतं का विचारलं. साळूबाई सगळ्यांना उत्तरं देत होती. त्या सुनेला यांच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. पण महिनाभर या घराघरांत तिच्या बाळंतपणाची वाट बघितली गेली होती, आणि वाडीत याची कोणाला गंधवार्ताही नव्हती. साळूबाईच्या अंगावर शहारा आला. देवळात दिवा लागताना येतो तसा.

"महिन्यानं नवे येणार होते नं?" तिनं हळूच विचारलं.

"आले की," दुधाचं विचारणारी बाई म्हणाली. "मागल्या सोमवारी दोन आले. एक बसवलं त्या तिकडच्या वस्तीवर. दुसरं घेऊन मिस्त्री कुंभार पिंपळगावला गेलेत. तिथं बाजारापुरतंबी पाणी न्हाई म्हणे."

"अन् इथं?"

"पुढच्या खेपेला," ती बाई म्हणाली. बाजारातून भाजी आणायचं सांगावं तसं.

तेवढ्यात फाटकातून मार्था आली. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. डाव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं, त्यामुळं ती पाय ओढत चालत होती. तिनं आधी एक हंडा रूथआजीच्या दाराशी उतरवला. मग पाहुणी कोण ते कळल्यावर ती घरात गेली आणि पाण्यानं भरलेला पितळी पेला घेऊन आली. तो तिनं साळूबाईच्या हातात दिला नाही. सवयीनं, तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. पाहुणीला अवघड व्हायला नको म्हणून.

साळूबाईनं पेला उचलला. ओठांना लावून प्यायली. मग तिनं पुरचुंडी सोडून सगळ्यांच्या हातावर चार-चार घुगऱ्या ठेवल्या. मिस्त्रीचा वाटा मार्थाच्या पदरात बांधला.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, आणि पदराची गाठ आवळली. "सांगा, साळूबाई येऊन गेली."

"बसा की. एसटीला वेळ हाये."

"अजून किती खेपा आणायच्या तुम्हाला?"

"दोन."

साळूबाई उठली. रूथआजीच्या दाराशी रिकामा हंडा होता, तो तिनं घेतला. वर तिथलीच रिकामी कळशी ठेवली. मार्था नको नको म्हणत राहिली, तोवर ती फाटकाबाहेर पडली होती.

नळ रेल्वे फाटकाच्या पलीकडं होता. तीस-चाळीस बायकांची रांग उन्हात उभी होती. साळूबाई शेवटी जाऊन उभी राहिली. विटकी नऊवारी, कपाळ मोकळं, हातावर गोंदण. ही बाई इथली नव्हे हे पुढच्या बाईनं ओळखलं.

"कोणाच्या घरच्या तुम्ही? कधी दिसल्या न्हाई."

"शामुवेल मिस्त्रीच्या," साळूबाई म्हणाली.

तिची पाळी आली तेव्हा राजूरची एसटी निघून गेली होती. नळाची धार करंगळीएवढी होती. तिनं कळशी धारेखाली धरली आणि ती काठोकाठ भरेपर्यंत वाकून उभी राहिली.