एकोणिसाव्या अध्यायाची चिठ्ठी

भिंतीलगत एका सत्पुरुषाच्या चरित्रग्रंथाचे साठ गठ्ठे होते, प्रत्येकात वीस प्रती. टेबलावर बाराशे छापील चिठ्ठ्या, खळीचं एक पातेलं, दोन ब्रश आणि एक ओलं फडकं. टेबलाच्या एका बाजूला बांधणी खात्यातली मावशी बसली होती, दुसऱ्या बाजूला छापखान्याचे मुद्रितशोधक. त्यांना अख्खा छापखाना ‘कानामात्रा’ म्हणे, आणि आता तेही त्या हाकेला ओ देत.

“कानामात्रा भाऊ, खळ कमी घ्या. पानं डकतील एकमेकांना.”

“बरं.”

“ग्रंथात चूक म्हणजे कमालच झाली. कुठल्या गाढवाचं काम हे?”

“माझं.”

मावशीचा ब्रश पातेल्यातच थांबला. “तुमचं? चेष्टा करू नका.”

त्यांनी पुढची प्रत उघडली.

“चिठ्ठीवर आहे तरी काय? चष्मा घरी राहिलाय माझा.”

त्यांनी वाचलं, “एकोणिसावा अध्याय, पान दोनशे बारा. ‘आईने त्याला ओंजळीने पाणी दिले’ याऐवजी ‘आई तीन दिवसांपूर्वीच गेली होती आणि घडा कोरडा होता’ असे वाचावे.”

ग्रंथात सत्पुरुषाचं एकच घरी परतणं दोनदा सांगितलं आहे. चौथ्या अध्यायात आई दारात उभी असते आणि त्याला पाणी देते. एकोणिसाव्या अध्यायात तीच वाट, तेच दार, पण आई नसते. शेवटचं मुद्रित तपासताना कानामात्रांनी ही दोन पानं शेजारी ठेवली होती. दोन पानांचा मेळ बसत नसेल तर त्यांतलं एक चुकलेलं असतं, हे त्यांच्या कामाचं पहिलं सूत्र. मूळ प्रतीत दोन्ही वाक्यं स्वच्छ होती. तरी त्यांनी एकोणिसाव्यातल्या ओळीवर काट मारली, समासात चौथ्यातलं वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. त्यांच्या सहीनंतर कुणी पुन्हा तपासत नसे.

त्यांची स्वतःची आई आजारी असल्याचा भावाचा फोन आला, तेव्हाही त्यांच्यापुढे असंच मुद्रित होतं. “एवढं उरकतो नि निघतो,” ते म्हणाले होते. उरकून ते पोचले, तेव्हा आईला नेऊन झालं होतं, अंगणातल्या खुर्च्यासुद्धा उचलल्या होत्या.

ग्रंथ छापून घेणाऱ्या मंडळाचे वडीलधारे गृहस्थ परवा येऊन गेले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “दोन्ही अध्याय इतकी वर्षं एका घरात नांदताहेत. तुम्हाला पंच कुणी नेमलं?”

मावशीनं पुढची चिठ्ठी उचलली. मग म्हणाली, “हे कोरड्या घड्याचं मला वाचून दाखवलं होतं एकदा.”

“कधी?”

“आई गेली तेव्हा. मी पोचलेच नाही वेळेवर. दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता. मामेबहिणीनं हे काढून वाचलं. म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्यालाही उशीरच झाला की. मग जेवले.” तिनं एक चिठ्ठी खळीवर बसवली आणि अंगठ्यानं दाबली. “ते पाणी दिल्याचं गोड आहे हो. पण ज्यांना मिळालं नाही, त्यांनी कुठलं पान काढायचं?”

कानामात्रा खिडकीकडे बघत राहिले. ब्रशवरची खळ थेंबाथेंबानं फडक्यावर पडत होती.

“भाऊ, वाळेल ती.”

“हो.”

दुपारी मावशीनं खळ पातळ केली. कानामात्रांची पानं आता डकत नव्हती.

दिवेलागणीला मालक आले. वयानं लहान होते, कानामात्रांच्या देखत वाढलेले. हातात घेतलेली शेवटची प्रत त्यांनी चाळली.

“काका, ही तुम्ही घरी न्या. तिला चिठ्ठी लावू नका. एका प्रतीनं काय बिघडतंय? मी कुणाला बोलणार नाही.”

मावशीनं वर पाहिलं नाही. ती पातेलं खरवडत होती.

“बघू,” म्हणत कानामात्रांनी प्रत घेतली. पान दोनशे बारा काढलं. ओंजळीच्या पाण्याची ओळ एकदा वाचली. मग मावशीपुढचं पातेलं ओढून तळाची खळ ब्रशला घेतली, चिठ्ठी नीट सरळ बसवली, फडक्यानं दाबली आणि पान वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरून उभे राहिले.

प्रती बाराशे. लावलेल्या चिठ्ठ्या बाराशे. शिल्लक शून्य.