सत्कार झालेला टेपरेकॉर्डर

काचेला नाक लावून माझ्याकडे बघणाऱ्या मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्यापुढे चकचकीत पाटी आहे आणि तिच्यावर ‘गावाचे भूषण’ असं लिहिलं आहे. तुम्ही ती वाचता, आपसांत हसता आणि गोष्टींची पुस्तकं घेऊन घरी जाता. तुमचा मला राग नाही. पण ते भूषण वगैरे सगळं नुसतं बोलण्यापुरतं आहे. माझ्या पोटात एका जिवंत माणसाचा आवाज अडकला आहे, आणि तो माणूस रोज सकाळी या वाचनालयात येऊन तुमच्या शेजारीच उभा असतो. म्हणून आज माझी गोष्ट जरा थांबून ऐका.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, जन्माचं कोणाला आठवतं? आठवतं ते गोंदियाच्या बाजारातलं दुकान, आणि माझं झाकण पन्नासदा उघडून मिटून दुकानदाराला वैताग आणणारा एक मिशीवाला तरणा माणूस. ते केशोराव. पावसाळाभर धानाची शेती करायचे आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की खलनायक व्हायचे. अर्जुनी मोरगावच्या आसपास कुठेही मंडईची जत्रा असो, तिथल्या नाटकात केशोराव रंगमंचावर आले की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. आपले संवाद ते आधी माझ्यात बोलून ठेवत, मग शेताच्या बांधावर, बांधीच्या धुऱ्यावर बसून मलाच ऐकत आणि स्वतःवर खूश होत. मीही खूश होई. एवढा दांडगा आवाज पोटात घेऊन फिरणं म्हणजे काही खायचं काम नाही.

पुढे घरोघर मोबाइल आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. जिथे कॅसेट बसायची तिथे उंदरांनी संसार थाटला. मी मनाची समजूत घातली की आपलं आटोपलं. मला खाली काढलं ते दुर्गेश्वरीने. ती केशोरावांची सून, ओमेशची बायको. तिला एक खोडच होती. बंद पडलेली वस्तू दिसली की ती उघडून बघितल्याशिवाय तिचे हात स्वस्थ बसत नसत. फुटक्या खेळण्यातली मोटर काढून तिने चुलीला वारा घालणारा पंखा केला होता, जुन्या मोबाइलचा गोठ्यात उजेड केला होता. कोणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघायचे, हात भाजून घ्यायचे, पुन्हा करायचं, असा तो छंद.

“घरात एक तरी वस्तू साबूत राहू देशीन का वो?” असं ओमेश म्हणायचा, आणि रात्री तिच्याच पंख्यापुढे ताट घेऊन बसायचा.

मला खाली काढण्याचं कारण मात्र हौसेचं नव्हतं. केशोरावांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कायम मुक्कामाला असायचा. त्या खर्ऱ्याने त्यांचा घसाच धरला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचवायचा तर गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. ज्या घरात असं होतं तिथे माणूस खुणा करतो, पाटीवर लिहितो, कसंबसं निभावतो. पण केशोरावांच्या बायकोला, सुशिलाबाईंना, काचबिंदूने काहीच दिसत नव्हतं. खूण केली तरी दिसायची नाही, लिहून दिलं तरी दिसायचं नाही. त्यांना नवरा म्हणजे फक्त आवाज होता, आणि तोच आता जायचा होता.

तेव्हा दुर्गेश्वरीने पेचकस उचलला. माझे स्क्रू काढून माझं पोट तिने रिकामं केलं. आत मोबाइलची बॅटरी, आवाज साठवणारी बोटाएवढी चकती आणि छोटा स्पीकर बसवला. वर शर्टाची रंगीत बटणं चिकटवली. एक बटण दाबलं की एक वाक्य. वाक्यं बोलायची होती केशोरावांनी, ऑपरेशनला जाण्याआधी.

“पाणी आऽऽण!” केशोराव गरजले. गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

“मामाजी, नाटकातलं नोका बोलू,” दुर्गेश्वरी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली. “घरातलं बोला.”

“घरातलं अलग कसं राह्यते वो? मी घरीबी असाच बोलतो.”

“नाई जी,” भिंतीला टेकून बसलेल्या सुशिलाबाई हळूच म्हणाल्या. “मह्यासंगं असे नाई बोलत तुमी.”

केशोराव चक्क लाजले. मग सुशिलाबाईंना त्यांच्यापुढे बसवलं आणि ते त्यांच्याशीच बोलत गेले. पाणी देजो. दवाई घेतली का? तिकडे नोको जाऊ, पायरी आहे. मी अथीच आहो. शेवटी हाक मारायचं बटण राहिलं. त्या पिढीतला माणूस बायकोला नावाने कुठला हाक मारतो! आयुष्यभर “ऐकते का” वर भागवलं होतं. त्यांनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि ते म्हणाले, “सुशिला, ये इकडे.” सुशिलाबाई खरंच उठून जवळ गेल्या. ते सगळं माझ्यात उतरलं.

ऑपरेशन झालं. केशोराव परत आले आणि मी त्यांच्या गळ्यात लटकू लागलो. मित्रांनो, तो काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. पूर्वी मी त्यांचे संवाद बोलत होतो, आता मी त्यांचा संसार बोलत होतो. म्हातारा खोडकर होता. किराणावाल्याने भाव जास्त सांगितला की “दवाई घेतली का?” हे बटण दाबायचा. घरी दिवसभर सुशिलाबाई बोलायच्या आणि मी उत्तर द्यायचो. दुर्गेश्वरी म्हणायची, मामाजींच्या आवाजाची एक नक्कल आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवली पाहिजे. करू, करू म्हणता धानाची रोवणी आली. रोवणी झाली तर निंदण आलं, मग धान कापणीला आलं. घरातलीच तर वस्तू, जाते कुठे, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

आणि मंडई आली. दरवर्षीप्रमाणे गावात दुकानं लागली, पाळणा आला, दंडारीचा लोकनाच रंगला. यंदा गावच्या मंडळाने ठरवलं की गावातल्या कल्पक माणसांचा जाहीर सत्कार करायचा. मंडळाचे अध्यक्ष सेवकरामजी यांनी दुर्गेश्वरीचं नाव पहिलं घेतलं. शाल, नारळ, टाळ्या. तिचे डोळे भरून आले. ज्या छंदापायी सदा बोलणी खाल्ली त्याचं कोणीतरी माइकवरून कौतुक करत होतं. केशोरावांनाही वर बोलावलं. सेवकरामजींनी त्यांच्या गळ्यातून मला अलगद काढून घेतलं, लोकांना दाखवलं, माझ्या अंगावर हार घातला आणि माइकवर म्हणाले, “ही वस्तू आता एका घराची राहिली नाही, साऱ्या गावाची झाली! वाचनालयात काचेच्या कपाटात आपण हिला मानाने ठेवू. पुढच्या पिढ्यांनी बघितलं पाहिजे!”

मंडप टाळ्यांनी दणाणला. ओमेश भारावून हात जोडत म्हणाला, “गावाचीच आहे जी!” बोलून गेला बिचारा.

केशोराव मात्र पुढे झाले. नाही म्हणायला त्यांना माझंच बटण हवं होतं आणि मी सेवकरामजींच्या हातात होतो. त्यांनी जोरजोराने मान हलवली. छातीवर हात मारला, माझ्याकडे बोट केलं, हात जोडले, गुडघ्यावर बसले. जन्मभर ज्याने अभिनय केला त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरोखरची विनवणी केली, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. “अजूनबी काय सोंग वठवते ना बाप्पा हा म्हातारा!” असं कोणीतरी ओरडलं. मी सारं बघत होतो. पण बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

असा मी या कपाटात आलो. वर कुलूप लागलं. दुसऱ्याच दिवशी दुर्गेश्वरी आली. “काकाजी, मामाजीले बोलता येऊन नाई राहिलं. मशीन द्या ना.”

“अवो बाई, देवाले वाह्यलेला नारळ कोणी परत नेते का?” सेवकरामजी प्रेमाने म्हणाले. “लोकार्पण होऊन जाऊ दे. भाऊंनी यायचं कबूल केलं आहे. तारीख देऊन राहिले.”

भाऊ म्हणजे कोणी मोठे पुढारी. त्यांची तारीख आली आणि गेली. दुसरी मिळाली, तीही गेली. सेवकरामजी वाईट माणूस नाही, दर आठवड्याला स्वतःच्या उपरण्याने माझी काच पुसतो. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. घरी ओमेश तोंड लपवून फिरत होता. चारचौघांत आपणच दिली, आता मागायची कशी, यातच तो अडकला होता. केशोराव रोज येऊन काचेवर तळहात टेकवून उभे राहायचे. लोक म्हणायचे, बघा, म्हाताऱ्याला किती अभिमान आहे!

एकदा दुर्गेश्वरी आली ती रडतच. याच कपाटासमोर तिने सेवकरामजींना सांगितलं म्हणून मला कळलं. ती शेतावर, बांधीत गेली होती. घरी दोघं म्हातारेच. सुशिलाबाई नवऱ्याला शोधत अंगणाकडे निघाल्या. “कोठी आहा जी? आहा का?” असं विचारत. केशोरावांना दिसत होतं की त्या पायरीच्या कडेला आल्या आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज आला तिकडे नवरा आहे असं समजून सुशिलाबाईंनी आणखी एक पाऊल टाकलं आणि त्या खाली कोसळल्या. मनगट मोडलं. पायरीचं बटण माझ्या अंगावर आहे. निळं. इथून तुम्हाला दिसतंच आहे.

“आता तरी द्या,” दुर्गेश्वरी म्हणाली. सेवकरामजींचेही डोळे ओले झाले. पण त्याच दिवशी भाऊंची तारीख पक्की झाली होती. “आता इतका दम धरला, तर तेवढं होऊन जाऊ दे बाई. मंग मीच आणून देतो घरी.”

लोकार्पणाला वाचनालयाच्या आवारात मंडप पडला. बायकांमध्ये सुशिलाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भाऊ आले, फीत कापली, मला बाहेर काढलं, माझ्यापुढे माइक धरला आणि त्यांनी हाताला येईल ते बटण दाबलं. माझ्या बॅटरीत जेमतेम धुगधुगी होती. तरी मी बोललो.

“सुशिला, ये इकडे.”

“आली जी!” सुशिलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांना वाटलं, नवऱ्याला मशीन परत मिळाली. मंडपात हशा आणि टाळ्या. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलीच गंमत आहे. आमच्या भागात नाटकातला प्रवेश रंगला की जे ओरडतात तेच सगळे ओरडले, “वन्स मोअर!” भाऊंनी पुन्हा दाबलं. सुशिलाबाई बसलेल्या बायकांच्या मांड्यांवरून, मुलांच्या अंगावरून अडखळत आवाजाकडे निघाल्या. “वन्स मोअर!” तिसऱ्यांदा माझा आवाज जाड झाला, ताणला गेला आणि नावाच्या मधेच तुटला. मी जीव खाऊन प्रयत्न केला. पुढचं अक्षर निघालं नाही.

सुशिलाबाई मंडपाच्या मधोमध थांबल्या. आता कुठे जायचं ते त्यांना कळेना. “कोठी आहा जी? बोला ना.”

केशोराव खुर्च्या ढकलत मंचावरून खाली धावले. त्यांनी तिचा चांगला हात धरला. स्पर्श ओळखून ती हसली. “भेटली ना मशीन? मंग बोला ना.” तिने त्यांचा एक तळहात चाचपला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. दोन्ही रिकामे होते. तेव्हा कुठे मंडपातलं ‘वन्स मोअर’ थांबलं. केशोरावांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता तरी मला घरी पाठवलं असेल. ऐका मग. सेवकरामजी खाली मान घालून म्हणाले, “बंदच पडली आता. घरी नेऊन काय करता? अथी मानानं राहीन.”

“मले उघडू द्या जी,” दुर्गेश्वरी हात जोडून म्हणाली. “बॅटरी बदलली का पाहता येईन. आवाज अंदरच आहे अजून. ओल लागली तर सारा जाईन.”

“नाई वो. गावाचा ठेवा आहे. त्याले आता पेचकस नाई लागू देनार.”

मी जन्मलो तोच पेचकसाने. माझ्यात जे काही भूषण आहे ते कोणीतरी मला उघडलं म्हणून आलं. मला न उघडणं म्हणजे मला मारणं आहे, हे दुर्गेश्वरी सोडून कोणाला पटत नाही. वस्तू जपायची म्हणजे तिचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं नसतं. आणि ज्याच्यासाठी ती केली त्याला विचारल्याशिवाय तिचा सत्कारही करायचा नसतो.

या कपाटामागची भिंत ओली आहे. माझ्या तारांवर हिरवी बुरशी चढते आहे, मला ती आत जाणवते. ती अजून त्या चकतीपर्यंत पोचली आहे की नाही, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी सेवकरामजींचं नातवंड असेल, कोणाला त्यांच्या मांडीवर बसता येत असेल, तर त्यांच्याकडे हट्ट करा. रडा, जेवू नका, काय वाटेल ते करा, पण हे कुलूप उघडायला लावा आणि मला घरी पोचवा. घर शोधायला अवघड नाही. गावतळ्याच्या, म्हणजे बोडीच्या पाळीने सरळ जा. ज्या घरातून एक बाई बोलत असल्याचं ऐकू येईल, आणि तिला कोणीच उत्तर देत नसेल, ते घर.