उजवीकडं ओढणारी सायकल

यंत्र कधी खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो. फौजेच्या वर्कशॉपात ट्रकांखाली उताणं पडून सतरा वर्षं काढली मी, तवा हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. गाडी एका अंगाला ओढत असली तर गाडीत खोट असती. ड्रायव्हरला शिव्या घालायच्या आधी चाक बघावं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. म्हणून अठ्ठ्याण्णव साली जो तो मला सांगाय लागला की सायकल चांगली हाय, तुमचंच कायतरी चुकतंय, तवा माझं टाळकंच फिरलं.

मी अर्जुना. आमचं गाव साताऱ्याहून मेढ्याच्या वाटंवर, अकरा किलोमीटर. दिवाळीनंतर माझी बायको माया गेली. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी सायकलीवरनं तीनदा पडलो. तिसऱ्या टायमाला मनगट सुजून भोपळा झालं, आणि शेजारच्या दगडाबाईनं फाट्यावर जाऊन माझ्या पोराला, धम्मपालला, पिंपरीला फोन लावला. नको तिथं लय चपळ बाई.

धम्मपाल दुसऱ्या दिवशी हजर. पोरगं वाईट न्हाई. कारखान्यात फिटर हाय, सूनबाई बी मायाळू हाय. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात मी काय खिडकीला लावलेली कुंडी व्हऊन बसू? तो म्हणाला, आबा, गावात एसटी दिवसातनं दोनदा येती, तुमचं दळण, औषध, पेन्शन सगळं साताऱ्यात, आणि सायकल तुमाला झेपंना. मी म्हणलं, सायकल खराब झालीय, मी न्हाई. लय वादावादी झाली. शेवटी त्यानंच तोड काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार. फाट्यापासनं घरापर्यंत मी सरळ सायकल चालवून दाखवली तर मी हितंच ऱ्हायचं. पडलो तर सामानासकट टेम्पोत.

माझ्या हातात सोळा दिवस व्हते. जुनी सायकल मी नट न् नट खोलली. पुढचा चिमटा बघितला, चाकाचा आऊट, म्हंजे वाकडेपणा, काढला, बेअरिंगचे छर्रे नवे घातले. तरी बसलं की उजवीकडं ओढायची. म्हणलं गेली ही, म्हातारी झाली. त्या टायमाला साताऱ्याच्या दुकानांत नवीन सायकली लागल्या व्हत्या, पुढं-मागं शॉकअपच्या. पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, आणि सीटखाली मधोमध एक जाडजूड स्प्रिंग, मोटारसायकलीगत. मी हिशोब मांडला, आमच्या रस्त्याला खड्डे, खड्ड्यात चाक उडतंय म्हणून मी पडतोय. शॉकअप असला की चाक रस्ता सोडायचं न्हाई.

साताऱ्यातल्या शेठनं एक चालवाय दिली. राजपथावर शंभर पावलं गेलो आणि तिनं मला उजव्या गटाराकडं नेलं. शेठ म्हणाला, बाबा, सायकल नवीकोरी हाय. मी म्हणलं, नवीकोरी खोट असती. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी त्यानं हात जोडले आणि सांगितलं, सांगलीला मार्केट यार्डाजवळ भरतेश म्हणून हाय, त्याच्याकडं असली तीन मॉडेलं हाईत, त्याचं डोकं खावा.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेलो. भरतेश पस्तिशीचा, सडपातळ, जैनाचा पोरगा. बोलणं संथ. मी कितीबी आवाज चढवला तरी त्याचा चढायचा न्हाई, त्याचा मला आणखीनच राग यायचा. पण यंत्र जाणणारा माणूस. रविवारची अट सांगून मी रोड टेस्ट म्हणल्यावर हसला न्हाई. म्हणाला, घ्या मामा, तिन्ही घ्या, पेठेतनं न्या, दगडातनं न्या.

पहिली लाल. मागची स्प्रिंग इतकी मऊ की पायडल मारलं की सीट खाली-वर, निम्मा जोर स्प्रिंगच खाऊन टाकायची. दुसरी काळी, स्प्रिंग ताठ. तिला मी मुद्दाम यार्डामागच्या खडीतनं नेली. खड्डा आला की चाक आत जायचं आणि वर यायचं, बसणाऱ्याला कळायचं बी न्हाई. मनात म्हणलं, वा गड्या, काय बनवलीय. तिसरी पिवळी, गिअरची, तिचा पुढचा चिमटा खडखडायचा. आणि तिन्हीच्या तिन्ही उजवीकडं ओढायच्या. मी वहीत तीनदा लिहिलं आणि वही भरतेशपुढं आपटली.

त्यानं वाचलं. मग काळी सायकल घेतली, दोन्ही हात सोडून यार्डाच्या फाटकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. सूत धरल्यागत सरळ. मी त्याला म्हणलं, सर्कशीत जा. तो माझ्या कोपराकडं बघत व्हता. खपली धरलेली.

"मामा, तीनदा पडला तवा कुठल्या अंगावर पडला?"

"उजव्या."

तिन्ही बार? त्यानं परत विचारलं. मी मान हलवली. मग तो स्टुलावर बसला आणि मला दूधवाल्यांचं सांगाय लागला. म्हणाला, कितीतरी गवळी माझ्याकडं सायकली आणतात. वर्षानुवर्षं डाव्या अंगाला कॅन लटकावून चालवतात. मग पोरगा मोटारसायकल घेतो, ह्यांचा धंदा सुटतो, आणि रिकाम्या सायकलीवर बसले की धपकन उजवीकडं पडतात. सायकलीला शिव्या घालत माझ्याकडं येतात. अंग डाव्या वजनाला तोलत असतं, वजन गेलेलं त्याला ठाऊकच नसतं.

"तुमच्या मागं काय असायचं, मामा?"

काय न्हाई, म्हणलं मी. बायको असायची.

चोवीस वर्षं. फौजेतनं आलो ते मी एमआयडीसीत लागलो आणि माया शिलाईच्या कारखान्यात. सकाळी दोघं एका सायकलीवर जायचो, सांजंला दोघं यायचो. पुढं दोघांची कामं सुटली तरी बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला, जयंतीला एकाच सायकलीवर. ती कॅरियरवर एका अंगानं बसायची, दोन्ही पाय डावीकडं, एक हात माझ्या सीटखाली. अकरा किलोमीटर बोलायची. मी बोलायचो ते बी पुढं बघतच. संसारातलं निम्मं बोलणं मी तिचं तोंड न बघता केलंय. आणि माझ्या आडदांड अंगाला कळलं न्हाई की ती उतरलीय. वर्कशॉपातला एवढा मी शाणा, आख्खी सायकल खोलली, स्वतःला बघितलं न्हाई.

भरतेश म्हणाला, खात्री करून घेऊ. दुकानाची एक जुनी साधी सायकल व्हती, भक्कम कॅरियरची. शेजारच्या वखारीत हळदीची पोती लागली व्हती. तो तिथनं पोतं आणि तागडी घेऊन आला आणि मला साधं विचारलं, वजन किती घालू?

आता काय सांगायचं? माया धडधाकट व्हती तवा त्रेपन्न किलो व्हती, कारखान्यात दरसाल तपासणी असायची. मग गेल्या चैत्रापासनं पायडल मारताना सायकल हलकी लागाय लागली. मी खुळा, मला वाटलं माझ्याच पायात जोर आलाय. तिला म्हणलं बी, बघ, साठीला आलो तरी कसा ओढतोय. ती मेथीच्या भावाचं बोलाय लागली. आषाढात आणखी हलकी. तवा मला कळलं, डॉक्टरच्या आधी कळलं, पण मी कुणाला बोललो न्हाई, तिला बी न्हाई. तिला ठाऊक असणारच. आमी दोघं त्या रस्त्यानं भाजीपाल्याचं बोलत ऱ्हायलो. शेवटच्या टायमाला सिव्हिलला नेलं तवा अडतीस किलो व्हती, आणि मी सायकल इतकी हळू चालवली की चालणारी माणसं पुढं जात व्हती.

"त्रेपन्न घाल," मी म्हणलं.

त्यानं हळद मोजून घातली, पोत्याचं तोंड शिवलं आणि वजन डाव्या अंगाला झुकवून कॅरियरला बांधलं. मी टांग मारली.

काय सांगू. सायकल अशी सरळ निघाली की माझ्या हातातला चार महिन्यांचा ताठपणा गेला. पेठ गेली, चौक गेला, मी कृष्णेच्या पुलाकडं वळलो. मागं वजन, उन्हं कलती. आणि मी बोलाय लागलो. आधी नुसतं पुटपुटलो, मग चांगलं मोठ्यानं. दगडाबाईच्या चहाड्या सांगितल्या, धम्मपालचा टेम्पो सांगितला. म्हणलं, तुझं पोरगं मला कुंडीत लावाय निघालंय. रस्त्यातली माणसं बघत व्हती. बघू देत.

सांगलीत चढ असून असून किती असणार, पुलाच्या तोंडाशी जेवढा असंल तेवढाच. पण चढ आला की माया उतरायची. सांगावं लागायचं न्हाई. मी सायकल हळू करायचो, डावा पाय टेकायचो, मागचं ओझं उतरायचं आणि सायकल हातात हलकी व्हायची. मग ती चालायची आणि मी ढकलायचो. त्या पुलापाशी मी सायकल हळू केली. पाय टेकला. आणि थांबलो. वजन उतरंना. मी थांबलोच. मागनं रिक्षा हॉर्न वाजवत व्हत्या, एकजण शिवी देऊन गेला, आणि मी हँडल धरून वजन उतरायची वाट बघत उभा.

तिथं मी रडलो. ती गेली तवा माणसं जमली व्हती, पोरगं रडत व्हतं, त्याला धरायचं व्हतं, मला रडाय टाईमच मिळाला न्हाई. तो हिशोब मी त्या पुलावर पुरा केला, हळदीच्या पोत्यासंगं, सगळ्या सांगलीपुढं.

सायकल ढकलतच दुकानात आलो. भरतेशनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मग त्यानं असं सांगितलं जे कुठला दुकानदार सांगणार न्हाई. म्हणाला, मामा, नवी सायकल घेऊच नका. तुमच्या जुनीलाच डाव्या अंगाला पोतं बांधून ठेवा. कवाच पडणार न्हाई. रविवारचं काम झालं.

खोटं कशाला बोलू, जीव तिकडं ओढला. पोतं बांधायचं, बोलत जायचं, बोलत यायचं. कुणाचं काय जातंय? पण मग पुलावरचा तो मी डोळ्यांपुढं आला, पाय टेकून उभा. आमच्या वाटंवर, फाट्यापासनं घरापर्यंतच, चार चढ हाईत. रोज चार बार मी थांबणार, आणि चारी बार कुणी उतरायचं न्हाई.

मी काळ्या सायकलीपाशी गेलो, ताठ स्प्रिंगच्या. तिला मागं कॅरियर नव्हतंच. भरतेशला विचारलं, बसवता येईल का? तो म्हणाला, न्हाई मामा, मागचं चाक स्प्रिंगवर हलतं, तिथं काय बांधायची सोयच न्हाई, ही एकट्याचीच सायकल.

"मग हीच दे."

त्या सांजंला दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी जेवलो, त्यांची रीतच तशी. मुक्काम बी त्यानंच करायला लावला. शुक्रवारी सकाळी यार्डाच्या मोकळ्या आवारात भरतेशनं मला सायकल शिकवली. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला. मागनं सीट धरून पळायचा, उजवा हात ढिला सोडा, ढिला, असं ओरडायचा. हमाल हसले. मी दोनदा पडलो, उजवीकडंच. तिसऱ्या टायमाला त्यानं विचारलं, "सोडू का मामा?"

मी म्हणलं, अजून धर. आणखी दोन फेऱ्या तो पळला, धापा टाकत. मग मीच म्हणलं, आता सोड.

शनिवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून गावी आणली. रविवारी धम्मपाल टेम्पो घेऊन फाट्यावर आला, मी तिथं आधीच जाऊन थांबलो व्हतो. जय भीम झाला. मी टांग मारली, पुढं मी, मागं टेम्पो. खड्डे आले, स्प्रिंगनं गिळले. चढ आले, चारी चढ बसूनच चढलो, कुठं पाय टेकला न्हाई. घरापुढं उतरलो तवा धम्मपालचे डोळे भरले व्हते. सायकलीच्या मागच्या बाजूला हात फिरवत तो म्हणाला, "आबा, ह्याला मागं बसाय जागाच न्हाई की."

"न्हाई," मी म्हणलं.

तो शब्दाला जागला. चहा पिला, दर पंधरवड्याला येतो म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. मी त्याला फाट्यापर्यंत सोडाय गेलो, परत आलो. जाऊन-येऊन एकदा बी उजवीकडं गेलो न्हाई. सायकल भिंतीला टेकवली, कुलूप काढलं, आत गेलो. किती सरळ आलो ते सांगायला घरात कुणी नव्हतं.