ऑक्टोबरचं डांबर

"घोड्या नीट बसल्यात ना रे?" विल्फ पेगनं तिसऱ्यांदा विचारलं.

"विल्फ, चाळीस वर्षं मी गाड्यांखाली झोपतोय. बायकोशेजारी झोपलो नसेन एवढा."

"तसं नव्हे. तुझ्या अंगावर पडायला नको, आणि तिलाही कुठं लागायला नको."

तिला म्हणजे गाडीला. सत्तर सालची लाल दोन-सीटर, आमच्याच गावच्या कारखान्यातली. पुढून जॅकवर उचलून मी तिच्याखाली टेकूला दोन लोखंडी घोड्या लावल्या होत्या आणि चाकांच्या फळीवर पाठ टेकून आत सरकायच्या तयारीत होतो. शनिवारची सकाळ होती, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. बेडवर्थमधल्या त्या अरुंद गॅरेजात विल्फनं माझ्यासाठी शेगडी लावून ठेवली होती. जमीन एवढी स्वच्छ की तिच्यावर पाव ठेवून खाल्ला असता.

माझा धंदा एका वाक्यात सांगता येतो. जुनी स्पोर्ट्स गाडी विकत घेणारा माणूस मला बोलावतो, मी खाली शिरून चासीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज बघतो आणि घे किंवा घेऊ नको म्हणून सांगतो. वरचा पत्रा कोणीही चकचकीत करतं. या गाड्यांचा सगळा भार खालच्या पोकळ चौकोनी तुळयांवर असतो आणि त्या आतून कुजतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. एक छोटी हातोडी, एक जुना स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि टॉर्च, एवढ्यावर मी पोट भरतो. खरं तर पोट भरतो ते नावावर. टेरी ऑर्टन खोटं बोलत नाही, असं या भागातले गाडीवाले म्हणतात. ते ऐकायला मला अजूनही आवडतं.

मला बोलावणारा माणूस अजून आला नव्हता. ॲड्रियन नावाचा सॉलिहलचा घरांचा दलाल होता तो. पत्ता देताना त्यानं मालकाचं नाव सांगितलं तेव्हा मला हसूच आलं होतं. पेग. टाइम ऑफिसचा पेग.

मी कामाला होतो त्याच कारखान्याच्या फाटकाशी काचेच्या खोलीत बसायचा तो, हजेरीचं यंत्र सांभाळत. प्रार्थनामंदिरात जाणारा, थेंबभरही न पिणारा, कोणालाही दुरून नमस्कार करणारा. अशा माणसाचं कॅन्टीनमध्ये काय होतं ते सांगायला नको. त्याच्या चहात मीठ, त्याच्या टोपीत ग्रीस. चाळिशी गाठल्यावर या माणसानं अचानक ही लाल गाडी घेतली आणि एडनाशी लग्न केलं, दोन्ही एकाच वर्षात. आम्हाला कितीतरी दिवस पुरला तो विषय.

आता एडना नव्हती. विल्फची नजर गेल्यातच जमा होती, मधोमध काळा डाग दिसतो म्हणाला. महिनाअखेर तो वेस्टनला भाचीकडं राहायला जाणार होता आणि हे घर, हे गॅरेज सगळं दुसऱ्याचं होणार होतं.

"तो जुन्या गाड्या फोडणारा दोनदा येऊन गेला," तो म्हणाला. "सरळ म्हणतो, इंजिन काढतो, चाकं काढतो, बाकी भंगारात. मी दारातूनच घालवला. मला एवढंच हवंय टेरी, ती रस्त्यावर राहू दे. चालवणारा कोणी का असेना."

"हा ॲड्रियन चालवेल. दोन आहेत त्याच्याकडं आधीच."

"तू येतोयस म्हटल्यावर मला घोरच नाही. बघशील तू. तू सांगितलं होतंस अगदी तसंच केलंय सगळं. एक वर्ष चुकवलं नाही. एडना गेली त्या वर्षीसुद्धा नाही."

मी मान डोलावली. म्हातारी माणसं काय काय बोलतात. मी त्याला काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, आणि विचारावं असंही वाटलं नाही.

तेवढ्यात ॲड्रियन आला. पन्नाशीचा, गोरापान, हातात मोबाइल. "काय ऑर्टन, पास की नापास?" असं म्हणतच आत शिरला. विल्फशी हात मिळवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि शीळ घातली. "झकास आहे हो. रंग तर नवा वाटतो. आजोबा, खालून पण अशीच असेल तर मी आजच घेऊन जातो."

"खालून जास्त चांगली आहे," विल्फ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला त्याच्या आवडीचं काही विचारत होतं.

मी आत सरकलो.

खाली सगळं काळं होतं. डांबराचा लेप इतका जाड, इतका एकसारखा, की मी असा कधी पाहिला नव्हता. थरावर थर, कडेकोपरे भरून काढलेले, एकही ओघळ नाही. इकडं थंडी पडली की रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खातं. म्हणून बरेच लोक ऑक्टोबरात खाली थोडंबहुत काळं फासून घेतात. पण हे फासणं नव्हतं, ही सेवा होती. मी हातोडीनं डाव्या तुळईवर ठोकलं. चांगलं लोखंड टण्‌ वाजतं. हे भद्द वाजलं.

थोडं पुढं ठोकलं. भद्द.

स्क्रूड्रायव्हरनं डांबर खरवडलं तर खाली काहीतरी गोल लागलं. लोखंड नव्हे, मऊ. टोक घालून उचकटलं आणि ते माझ्या छातीवर पडलं. त्यामागोमाग तांबडं पाणी आलं, चांगलं कपभर, माझ्या मनगटावरून बाहीत उतरलं. मी टॉर्च धरून बघितलं. वाइनच्या बाटलीचं बूच होतं ते.

आणि मग मला आठवलं.

एकोणऐंशी सालचं कॅन्टीन. आमच्या टेबलावर सहा जण. विल्फ ट्रे घेऊन अदबीनं उभा. "टेरी, तू चासी विभागातला. मिठापासून तिला कशी वाचवू?" त्यानं खरोखर विचारलं होतं. आणि मी चेहरा सरळ ठेवून म्हणालो होतो, "पेगसाहेब, पाणी आत जातं कुठून? भोकांतून. घरात पाणी शिरत असेल तर तुम्ही दार उघडं टाकता काय? तुळयांच्या खाली भोकं असतात बघा. वाइनची बुचं घ्या, ठोका आत, वरून डांबर. दर ऑक्टोबरला. हयगय नको." बुचं यासाठी, की हा माणूस वाइनला शिवतसुद्धा नव्हता. त्यानं कानामागची पेन्सिल काढून हजेरीच्या कार्डामागं सगळं लिहून घेतलं आणि आभार मानले. तो वळेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो होतो. पुढं तो दारूच्या दुकानाच्या मागच्या दारी जाऊन बुचं मागत फिरला, हेही आम्हाला कळलं. सगळा हिवाळा हसलो.

ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. पाणी सांध्यांतून आत शिरतंच, ते बाहेर पडलं नाही तर तुळई आतून सडते. विल्फनं तीस वर्षं, दर ऑक्टोबरला, स्वतःच्या हातानं ती सडवली होती.

माझा काही राग होता का त्याच्यावर? मुळीच नाही. टेबलावर पाच जण होते आणि मला त्यांना हसवायचं होतं, एवढंच. पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला आणि मी विसरून गेलो. कोणीतरी त्याला सांगेल असं वाटलं असणार. बाकीच्या पाच जणांनाही तसंच वाटलं असणार.

"काय ऑर्टन, झोप लागली काय?" वरून ॲड्रियन.

त्या वेळी मी बाहेर येऊन गुपचूप 'नको घेऊ' म्हणू शकलो असतो. तेवढं पुरलं असतं. पण ज्याचं आपण वाईट केलेलं असतं त्याचाच आपल्याला संताप येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला विल्फचा संताप आला. एवढा कसा भोळा राहतो माणूस? तीस वर्षांत एकालाही विचारू नये? मी स्क्रूड्रायव्हर सुऱ्यासारखा मुठीत धरून वर मारला. तो दांड्यापर्यंत आत गेला. काढला, पुन्हा मारला. निकाल द्यायला एक भोक पुरतं. मी अकरा पाडली.

खपल्या खाली पडायला लागल्या तसा ॲड्रियन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मोबाइल आत घातला. "अरे बापरे. थांबा थांबा, हे घेऊ दे मला. आमच्या क्लबात दाखवतो. परत एकदा मारा की."

मी परत एकदा मारला.

"टेरी?" विल्फचा आवाज. "काय झालं? मला दिसत नाही इथून."

"नापास झाली आजोबा," ॲड्रियन म्हणाला. तो हसत होता. "चासी कुठं आहे? बिस्किट आहे हे, चहात बुडवलेलं. आणि हे काय?" त्यानं जमिनीवरचं बूच उचललं. "वाइनचं बूच? पाणी जायच्या भोकांना तुम्ही बुचं मारलीत?"

"आत पाणी शिरू नये म्हणून."

"ती पाणी बाहेर जायला असतात हो! शाळेतल्या पोरालाही कळतं हे. कोणी सांगितलं तुम्हाला असलं?"

मी अजून गाडीखालीच होतो. मला फक्त बूट दिसत होते. ॲड्रियनचे कोरे, तपकिरी. विल्फचे जुने, पॉलिश केलेले. ते जागच्या जागी थोडे माझ्याकडं वळले. मी वाट बघत होतो. टॉर्च बंद करून ठेवला होता.

"कोणी नाही," विल्फ म्हणाला. "माझंच डोकं."

"काय डोकं आहे!" ॲड्रियन म्हणाला. "ऑर्टन, एवढ्या वर्षांत असा गाढवपणा पाहिलात कधी?"

"नाही," मी म्हणालो.

ॲड्रियन फार वेळ थांबला नाही. मला म्हणाला, तुम्ही माणूस हिरा आहात, दुसऱ्या कोणी ही माझ्या गळ्यात मारली असती. जाताना बूच खिशात घालून घेऊन गेला, क्लबात दाखवायला.

मी बाहेर सरकलो आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो. विल्फ गाडीच्या दाराला धरून उभा होता. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"दुरुस्त नाही होणार?"

"चासी नवी टाकावी लागेल. कोण टाकणार तुझ्यासाठी?"

"हं." त्यानं दारावरून हात फिरवला. "सोमवारी त्या फोडणाऱ्याला फोन करतो मग. इंजिन चांगलंय ना?"

"इंजिन चांगलंय."

"दुसऱ्या एखाद्या गाडीत बसवेल ना तो?"

"बसवेल."

"म्हणजे तेवढी तरी राहील रस्त्यावर."

मला राहवलं नाही. "विल्फ, त्याला तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? लोक तुझ्या शब्दावर गाड्या घेतात. तो माणूस गावभर बोलत सुटला असता. मला आता काय, मी चाललो वेस्टनला. तुला इथंच राहायचंय." त्यानं रुमालानं चष्मा पुसला, जणू त्यानं काही दिसणार होतं. "आणि चुका कोणाच्या होत नाहीत, टेरी? तू चांगल्या मनानंच सांगितलं होतंस. त्या काळी कोणाला एवढं कळत होतं."

त्या काळी आमच्या कारखान्यात झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना कळत होतं. ती चूक नव्हती विल्फ, थट्टा होती, तुझ्या पाठीमागं आम्ही सहा जण पोट धरून हसलो होतो. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते सांगितलं असतं तर निदान त्याला मला शिव्या देता आल्या असत्या. तेवढा त्याचा हक्क होता. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा कळत नव्हतं कोणाला."

"तेच ना," विल्फ म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

मग त्यानं कोपऱ्यातून केरसुणी आणि सुपली आणली आणि गुडघे टेकून बसला. मी पाडलेल्या खपल्या, डांबराचे तुकडे, तांबडा चुरा सगळीकडं पसरला होता. त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो आधी तळहातानं चाचपायचा आणि मग झाडायचा. "मी झाडतो" म्हणालो तर म्हणाला, "बस तू, दमलास. गॅरेज दुसऱ्याच्या हातात द्यायचंय, घाण ठेवून कसं चालेल." झाडत झाडत तो स्टुलापर्यंत आला. त्याचा हात माझ्या बुटाला लागला.

"पाय जरा उचल, टेरी."

मी आधी डावा उचलला, मग उजवा.