खिडकीजवळचं टेबल

पंखे सकाळपासून बंद होते. खिडकीजवळच्या टेबलाभोवती पाचसहा माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे निळ्या मखमलीवर उभ्या केलेल्या वीतभर उंच तोफगोळ्यावर खिळले होते. गोळा लखलखत होता. श्यामसुंदरजींनी प्रश्न पुन्हा विचारला.

“नीलकंठराव, मी विचारून राहिलो. हा भरलेला आहे का रिकामा?”

प्रणोतीला आधी राग आला. जबलपूरच्या छंदमंडळाची ती सचिव. आजच्या प्रदर्शनासाठी सदर भागातला हा वरच्या मजल्यावरचा हॉल मिळवण्यापासून चादरी अंथरण्यापर्यंत सारं तिनेच निस्तरलं होतं, आणि त्यातला निम्मा वेळ टेबलांच्या भांडणात गेला होता. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांनी पंखे बंद करायला लावले, कारण तिकिटं उडतात. शंखवाल्यांना भिंत हवी होती. खिडकीचं टेबल श्यामसुंदरजींनी आपल्या पितळी कुलुपांसाठी मागितलं होतं. तिने ते नीलकंठकाकांना दिलं. त्याचाच वचपा हा माणूस आता काढतोय, असं तिला वाटलं.

“काय जी,” ती हसत म्हणाली, “टेबल नाही मिळालं म्हणून डायरेक्ट बॉम्ब?”

दोघंतिघं हसले. श्यामसुंदरजी हसले नाहीत, आणि त्यांचं न हसणं पाहून बाकीच्यांचं हसूही ओशाळून मावळलं.

“टेबल तुम्हालाच मुबारक, मॅडम. मी उभी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गोळे भरण्यात काढली. शोभेचा म्हणून बाहेर येतो, त्याला भोक पाडलेलं असतं. ह्याला कुठे भोक आहे, दाखवा. रंगाचा पट्टा असता तर मी दारातूनच सांगितलं असतं, सरावाचा आहे का असली माल. पण पट्टाच गायब आहे.”

“गायब काहून होईल? मी घासला,” नीलकंठकाका म्हणाले. गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. सिद्धता पुरी झाल्यावर खडू ठेवावा तसा त्यांचा स्वर होता. “रेगमाल, तो घासायचा खरखरीत कागद, घेऊन बसलो होतो, पोरी. खालपासून वरपर्यंत. तूच तर ग्रुपवर टाकलं होतं, वस्तू चमकवून आणा म्हणून.”

टाकलं होतं. शेवटी हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं.

सकाळी ऊन जमिनीवर होतं. आता ते टेबलाच्या पायावरून चढून मखमलीवर आलं होतं आणि गोळ्याची एक कड पेटल्यासारखी दिसत होती. तिने दिलेली जागा, तिने थांबवलेला वारा, तिने मागवलेली झळाळी: तिच्या साऱ्या निगुतीने मिळून जणू ह्या एका वस्तूचीच सेवा केली होती. कोणीतरी खिडकीचा पडदा ओढायला पुढे झालं.

“टेबलाला धक्का नका देऊ!” श्यामसुंदरजी ओरडले.

गोळ्यापुढच्या पाटीवर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘कै. गुणवंत यांची आठवण’. गुणवंत त्यांचा धाकटा भाऊ. तोही फॅक्टरीतच होता. गेल्या हिवाळ्यात तो वारला, आणि त्याच्या पेटीतून हा गोळा निघाला.

श्यामसुंदरजी प्रणोतीच्या कानाशी आले. “भरलेला असेल तर चोरून आणलेला आहे, समजलं? गेटवरून असा कोणी सोडत नाही. गुणवंताची बायको पेन्शनवर आहे, तीही थांबेल. नीलकंठराव सांगतील असं वाटतं तुम्हाला?”

जिन्यातून कलकलाट आला. आमंत्रण दिलेल्या शाळेची मुलं खाली पोचली होती. “आई, सोडू का वर?” तिच्या लेकीचा, ऋचाचा, आवाज.

“थांबव! कोणालाच सोडू नको, मागे ने त्यांना!” प्रणोतीने वळून टाळी वाजवली. “चलो, सगळ्यांनी प्लीज खाली चला. वायर जळाल्याचा वास येतोय.”

संग्रह टाकून संग्राहक जात नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शंखवाले शंख कापसात गुंडाळू लागले. अनुपम नावाच्या तिकीटवाल्याने खिशातून चिमटा काढला आणि एकेक तिकीट अल्बममध्ये सरकवायला घेतलं.

“अनुपमजी, राहू द्या ते!”

“बस दीदी, झालंच. वास तर येत नाहीये तसा.”

खरं सांगितलं तर बाकीच्या टेबलांवरचे सगळे एकदम उठतील, आणि जिना एकच, अरुंद, मुलांनी भरलेला. मग पोलीस येतील, आणि त्यात काही निघालं नाही तर काकांच्या घराला लागलेला डाग कोण पुसणार? नाही सांगितलं तर अनुपम तिकिटं लावत बसेल. खात्री हवी होती, आणि ती देऊ शकणारा माणूस एकच होता. तो पट्टा ज्याने शेवटचा पाहिला, तो तिच्यासमोर उभा होता.

ती काकांच्या अगदी जवळ गेली. “काका, मला तुमचा राग नाही. गुणवंतकाकांचं नावही मी काढणार नाही. फक्त एवढं सांगा. तुम्ही घासलात तेव्हा पट्टा कोणत्या रंगाचा होता?”

काकांनी गोळ्याकडे पाहिलं. नखांच्या कडांत रंगाचा कण शोधावा तसे ते स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले.

“दादा, मुलांची आण आहे तुम्हाला,” श्यामसुंदरजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आता टेबलाचा रुसवा उरला नव्हता.

“काका, रंग?”

काकांनी पाटी उचलली, गुणवंतचं नाव आतल्या बाजूला करून खिशात ठेवली. गोळा तिथेच राहू दिला. मग कोणाकडेही न पाहता, शंखांच्या आणि तिकिटांच्या टेबलांमधून वाट काढत, ते जिन्याकडे चालू लागले. गोळा भरलेला आहे, हे प्रणोतीला रंग न ऐकताच कळलं.